घाट उतरताना ब्रेक का तापतात? – पिकअपच्या ब्रेक पॅडची निवड आणि भौतिकशास्त्र

घाट उतरून आलेली मालाची गाडी पायथ्याशी थांबली की तिच्या पुढच्या चाकांजवळून एक जळका वास येतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो घेतला असेल. चालक खाली उतरतो, चाकाजवळ हात नेतो, झटकन मागे घेतो आणि म्हणतो, "ब्रेक तापलेत, जरा थंड होऊ द्या." त्याच्या या एका वाक्यात इयत्ता नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राची तीन प्रकरणे दडलेली आहेत: ऊर्जेची अक्षय्यता, उष्णता आणि घर्षण. ती तीन प्रकरणे हाताशी धरून आज आपण एका व्यवहारातल्या प्रश्नाचे उत्तर शोधू.

प्रश्न माझा नाही, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. चाकणजवळच्या एका गावात त्याची शेती आहे आणि स्वतःची पिकअप गाडी आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा रात्री तो गाडीत भाजी भरतो आणि बोरघाट उतरून वाशीच्या बाजारात जातो. एकदा त्याने मला सोबत घेतले होते. घाटाच्या शेवटच्या टप्प्यात त्याने ब्रेकवर पाय दाबला. पेडल घट्ट होते, पण गाडीचा वेग हवा तसा कमी होईना. त्याने गिअर खाली टाकला, हॉर्न वाजवला आणि पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर गाडी कशीबशी आवरली. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुट्या भागांच्या दुकानात उभे होतो. दुकानदाराने ब्रेक पॅडच्या तीन पेट्या समोर ठेवल्या. तिन्हींच्या किमती वेगळ्या होत्या. तो म्हणाला, "सर, तिन्ही माझ्या गाडीला बसतात. यातला कोणता घेऊ?"

मी म्हटले, "अरे, आधी हिशेब करू, मग पेटी उचलू."

ब्रेक म्हणजे ऊर्जा बदलण्याचे यंत्र

चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलमधून दाब पोहोचतो. हा पास्कलचा नियम तुम्हांला ठाऊकच आहे. मग कॅलिपरमधील दट्ट्या पॅडना डिस्कवर दाबतो. चिमटीत फिरती बशी धरावी तसा हा प्रकार आहे. आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमच्या आत अर्धगोल पट्ट्यांवर जे अस्तर असते, त्याला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात.

ब्रेक गाडीची गती 'नाहीशी' करतो असे आपण सहज बोलून जातो. परंतु ऊर्जा नाहीशी होत नाही. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते, एवढेच. मालासह गाडीचे वस्तुमान ३००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू.

गतिज ऊर्जा = ½ × ३००० × २० × २० = ६,००,००० ज्यूल.

ही ऊर्जा किती? २५ अंश सेल्सिअस तापमानाचे जवळजवळ दोन लीटर पाणी उकळीपर्यंत आणायला पुरेल एवढी! गाडी ४ सेकंदांत थांबली तर ब्रेकची सरासरी शक्ती दीड लाख वॅट, म्हणजे सुमारे २०० अश्वशक्ती होते. अशा गाडीच्या इंजिनाची ताकद याच्या निम्म्याहूनही कमी असते. गाडीतले सर्वांत शक्तिमान यंत्र इंजिन नसून ब्रेक आहे, हे ऐकून माझ्या विद्यार्थ्याला नवल वाटले.

थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकना अधिक काम पडते. त्यांच्या वाट्याला ७० टक्के ऊर्जा येते असे धरू. म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कला २,१०,००० ज्यूल. डिस्कचे वस्तुमान १० किलोग्रॅम आणि बिडाची विशिष्ट उष्णता अंदाजे ५०० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरली, तर

तापमानातील वाढ = २,१०,००० ÷ (१० × ५००) = ४२ अंश.

एकदा थांबण्याने डिस्क ४२ अंशांनी तापते आणि थोड्या वेळात वाऱ्याने निवते. सपाट रस्त्यावर चिंतेचे कारण नाही.

घाटाचा हिशेब निराळा

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली सुमारे ६० मीटर उंचीवर. हिशेबाच्या सोयीसाठी आपण उतार ५०० मीटरचा आणि रस्ता १० किलोमीटरचा धरू. गाडी एकाच वेगाने उतरली तर तिची गतिज ऊर्जा बदलत नाही. मग स्थितिज ऊर्जा जाते कोठे?

स्थितिज ऊर्जा = ३००० × ९.८ × ५०० = १,४७,००,००० ज्यूल.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी २४ वेळा थांबवल्यावर जेवढी उष्णता निर्माण होईल, तेवढी ही ऊर्जा आहे. सगळी उष्णता ब्रेकमध्येच गेली आणि वाटेत मुळीच निवली नाही, तर पुढच्या डिस्कचे तापमान हजार अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात असे होत नाही. रस्त्यावर फिरताना टायर दबतात व पूर्ववत होतात, त्यात काही ऊर्जा खर्च होते. आपल्या गाडीच्या बाबतीत हा वाटा साधारण पाचवा हिस्सा असेल. डिस्कवरून वाहणारा वाराही उष्णता नेत असतो. तरीही ताशी ३० किलोमीटरने घाट उतरायला २० मिनिटे लागतात, आणि त्या सबंध वेळात सेकंदाला सुमारे १०,००० ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. म्हणजे १००० वॅटच्या दहा शेगड्या सतत वीस मिनिटे पेटत्या ठेवण्यासारखे आहे. वेग दुप्पट केला तर ब्रेकना वेळ निम्माच मिळतो आणि शेगड्यांची संख्या वीसच्या घरात जाते.

येथे आपल्या प्रदेशाची एक गोष्ट ध्यानात घ्या. देशावरचा शेतमाल कोकणपट्टीतल्या मोठ्या बाजारांकडे जातो. म्हणजे गाडी घाट उतरते ती भरलेली आणि चढते ती बहुधा रिकामी. इंजिनाला सवलत मिळते, पण ब्रेकना नाही. त्यातून क्षमतेपेक्षा २० टक्के माल जास्त भरला, तर एकूण वजनाच्या वाढीच्या प्रमाणात उष्णताही वाढते. निसर्ग यात कोणाची गय करीत नाही.

लाकडापासून आजच्या पॅडपर्यंत

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने पतीने बनवलेली मोटार घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला. मोटारीला ब्रेकसाठी लाकडी ठोकळे होते. उतारांवर ते झिजू लागले तेव्हा तिने वाटेतल्या एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे अस्तर ते हेच! पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने घोडागाड्यांसाठी अधिक टिकाऊ अस्तर बनवण्याचे प्रयोग सुरू केले. सुती पट्ट्यांत राळेसारखे पदार्थ मुरवून त्याने ठोकळे तयार केले. परंतु मोटारींचा वेग वाढला तसा कापूस जळू लागला. तेव्हा १९०८ च्या सुमारास त्याने अॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली.

अॅस्बेस्टॉसचे तंतू जळत नाहीत, म्हणून पुढे अनेक दशके ब्रेकच्या अस्तरात तेच असत. पण त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत गेली तर कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झाले. युरोपीय संघाने २००५ पासून त्याचा वापर बंद केला. अमेरिकेनेही २०२४ च्या नियमाने सुट्या ब्रेक भागांतील अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आजच्या पॅडमध्ये धातूचे किंवा सेंद्रिय तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची भुकटी असे अनेक पदार्थ असतात आणि ते फिनॉल-जातीच्या रेझिनने एकत्र बांधलेले असतात. या बांधणाऱ्या रेझिनकडे नीट लक्ष द्या. पुढच्या गोष्टीचे मूळ तेच आहे.

पेडल घट्ट, पण ब्रेक लागत नाही – असे का?

तापमान ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान गेले की रेझिनचे विघटन होऊ लागते. त्यातून वायू बाहेर पडतात आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्यांचा पातळ थर साचतो. घर्षणांक घसरतो. पॅड डिस्कवर जोरात दाबलेला असतो, म्हणून पेडल घट्ट लागते. पण पकड नसते. याला 'ब्रेक फेड' म्हणतात. त्या रात्री आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

दुसरा प्रकार याहून वेगळा असतो. तापलेल्या पॅडमधून उष्णता दट्ट्यामार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलच्या बाबतीत ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग पेडल थेट खाली बसते.

म्हणून ध्यानात ठेवा: पेडल घट्ट आणि पकड नाही, तर दोष तापलेल्या पॅडचा, पेडल पोकळ होऊन खाली गेले, तर बहुधा दोष उकळलेल्या ऑइलचा. पहिल्या दोषावर पॅड बदलण्याचा उपाय आहे. दुसऱ्यावर कितीही महाग पॅड घातले तरी उपयोग नाही.

पॅडच्या कडेवरची दोन अक्षरे

आता दुकानातल्या पेट्यांकडे वळू. पुष्कळ पॅडच्या कडेवर आकडे आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली ही खूण आहे. पहिले अक्षर साधारण तापमानातला घर्षणांक सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतला. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५.

आमच्या समोरच्या पहिल्या, सर्वांत स्वस्त पेटीतल्या पॅडवर कसलीच खूण नव्हती. दुसऱ्यावर 'एफ ई' होते आणि तिसऱ्यावर 'एफ एफ'. दुसरा पॅड गार असताना तिसऱ्याइतकाच चांगला. पण तापला की खालच्या वर्गात जाणारा. वर्गात पहिल्या तासाला हुशार आणि शेवटच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी असतो, तसा!

या एका अक्षराचे मोल किती? ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने घाट उतरत आहोत असे समजा. पायाचा एका ठरावीक जोर लावल्यावर सपाट रस्त्यावर ५ मी./से.² ऋणत्वरण मिळते. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ओढते, म्हणून त्यातून सुमारे ०.५ वजा करा. थांबायला लागणारे अंतर = १०० ÷ (२ × ४.५) = ११ मीटर. आता घर्षणांक ०.४० वरून ०.३० वर आला असे समजा. तेवढ्याच जोराला ऋणत्वरण ३.७५, उतारामुळे ३.२५, आणि अंतर १५ मीटरांहून थोडे अधिक. घर्षणांक ०.१५ पर्यंत घसरला तर हेच अंतर ३६ मीटर होते. घाटात पुढचे वाहन ३६ मीटर दूर असेलच असे नाही.

मग 'जी' अक्षराचा पॅड घेतला तर अधिकच चांगले नाही का? तसे नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. चाके घसरण्याइतका जोर ब्रेकमध्ये आधीच असेल, तर आणखी पकडीने गाडी लवकर थांबणार नाही. उलट पुढची चाके मागच्यांच्या आधीच घसरू लागतील आणि गाडीचा समतोल बिघडेल. गाडीच्या निर्मात्याने पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी ठरवलेली असते. पर्यायी पॅड मूळ पॅडच्या जवळपास असावा, हेच श्रेयस्कर. युरोपच्या नियमांतही मूळ पॅडच्या तुलनेत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही.

अक्षरांवर आंधळा विश्वासही ठेवू नये. ही चाचणी एक इंच बाजू असलेल्या लहान नमुन्यावर होते आणि सुमारे ३४० अंशांपर्यंतच जाते. शिवाय पॅड किती टिकेल किंवा डिस्क किती खाईल, हे ती अक्षरे सांगत नाहीत.

पॅडची जात कोणती?

सेंद्रिय पॅड मऊ असतो, आवाज करीत नाही आणि स्वस्त असतो. पण लवकर तापून फेड होतो. हलक्या मोटारीला तो पुरतो. अर्ध-धातुमय पॅडमध्ये पोलादाचे तंतू व लोखंडाची भुकटी असते. कधी तिसरा हिस्सा, तर कधी निम्म्याहूनही अधिक. तो उष्णता चांगली सोसतो, म्हणून ओझ्याच्या गाडीला बहुधा हाच योग्य. मात्र तो थोडा कुरकुरतो, डिस्क जास्त झिजवतो आणि उष्णतेचा सुवाहक असल्याने ती ऑइलकडेही लवकर पोहोचवतो. सिरॅमिक पॅड शांत असतो आणि त्याची धूळ कमी. पण शहरी मोटारीसाठी बनवलेला सिरॅमिक पॅड घाटातल्या ओझ्याला पुरेलच असे नाही. उत्पादकाने तो मालवाहू गाडीसाठी बनवला आहे का, हे पाहूनच घ्यावा.

एक गंमत सांगतो. ब्रेकच्या धुळीतले तांबे पावसाबरोबर ओढ्यांत जाते आणि सामन माशांच्या पिलांची गंध ओळखण्याची शक्ती त्यामुळे क्षीण होते, असे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळले. त्यावरून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. आपला पाय पेडलवर आणि परिणाम माशाच्या नाकावर!

मोठा पॅड म्हणजे जास्त घर्षण?

दुकानदार म्हणाला, "हा पॅड रुंद आहे, म्हणून जास्त पकडतो." तुम्ही अमोंतोंचा नियम शिकला असाल: घर्षणबल संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते, लंब बलावर असते. तेव्हा दुकानदाराचे कारण चुकीचे होते. परंतु रुंद पॅडचा फायदा असतोच, फक्त निराळा: तेवढीच उष्णता व झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. त्यामुळे पॅड कमी तापतो आणि जास्त टिकतो. अर्थात गाडीच्या कॅलिपरमध्ये ठरलेल्या मापाचाच पॅड बसवायचा असतो.

शेवटी आम्ही काय केले?

तिसऱ्या पेटीतला 'एफ एफ' अर्ध-धातुमय पॅड घेतला. मिस्त्रींना दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदम बदलायला सांगितले. कारण एकीकडे जास्त व दुसरीकडे कमी घर्षण झाले तर गाडी एका बाजूला ओढते. डिस्कची जाडी मोजली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क बदललीच पाहिजे, कारण वस्तुमान कमी झाले की तेवढ्याच उष्णतेने तापमान अधिक वाढते. मागचे लायनर पाहून घेतले. काळपट झालेले ऑइल बदलले. मिस्त्री हवेच्या झोताने धूळ उडवणार होते, त्यांना थांबवून ओल्या फडक्याने पुसायला सांगितले. त्या जुन्या लायनरमध्ये काय होते हे कोणाला ठाऊक?

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन हळू ब्रेक लावीत, मध्ये निवू देत, असे पुष्कळदा केले. त्यामुळे पॅडच्या पदार्थाचा एक समान पातळ थर डिस्कवर बसतो.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना पॅडविषयी नव्हतीच. मी त्याला म्हटले, "ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर." खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवतात आणि दहा शेगड्यांपैकी पुष्कळशा इंजिनाकडे जातात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर टाकली, तर सगळ्या शेगड्या ब्रेकवर येतात. इंजिन बंदच केले, तर पेडलला मदत करणारी निर्वात-यंत्रणाही दोन-चार दाबांत संपते. वाचलेल्या डिझेलच्या मानाने ही जोखीम फार मोठी आहे.

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही वर्गात शिकवलं होतं. पण तेव्हा त्या गाडीत मी बसलेलो नव्हतो."

करून पाहा

एक गुळगुळीत फळी घ्या. लाकडी ठोकळ्याला आळीपाळीने चामडे, रबर व सुती कापड चिकटवा. ठोकळा फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल तेव्हा टोकाची उंची आणि पायाची लांबी मोजा. उंची भागिले पाया म्हणजे घर्षणांक. फळी ओली करून पुन्हा मोजा. नंतर ठोकळ्याच्या अरुंद बाजूवर तेच अस्तर चिकटवून अमोंतोंचा नियम पडताळा.

विचार करा

१. वेग ताशी ७२ वरून ९० किलोमीटर झाला तर गतिज ऊर्जा किती पट होईल?
२. १० किलोग्रॅमची डिस्क झिजून ८ किलोग्रॅमची झाली असे माना. वरील उदाहरणात एकदा थांबल्यावर तिचे तापमान किती वाढेल?
३. ड्रम तापला की पेडल अधिक खाली का जाते?

उत्तरे: (१) सुमारे १.५६ पट. (२) ५२.५ अंश. (३) ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, म्हणून लायनरला जास्त अंतर सरकावे लागते.